सही करण्याआधी चित्राची पाठ बघा: कोकणातल्या चित्रकार-शिल्पकारांच्या घरच्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत ज्या ज्या घरातून कुणी जे. जे. स्कूलला गेलं, चित्रकार झालं, शिल्पकार झालं, किंवा गावातल्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होऊन सुट्टीच्या दिवशी जलरंगात खाड्या आणि माड रंगवत राहिलं, त्या घरांतल्या आजच्या पिढीला हे पत्र आहे. मुलगे, मुली, सुना, नातवंडं, पुतणे, सगळ्यांना.

गेल्या काही वर्षांत तुमच्या अंगणात अनोळखी गाड्या यायला लागल्या आहेत. माणसं अदबीची असतात. ओटीवर बसतात, घराचं कौतुक करतात, मोबाइलवर एका चित्राचा फोटो दाखवतात आणि विचारतात, ‘हे तुमच्या आजोबांचंच ना?’ फोटोत खाडी असते, होडी असते, खालच्या कोपऱ्यात ओळखीची सही असते. घरातलं कुणीतरी भरल्या गळ्याने म्हणतं, ‘होय तर, आमच्याच आजोबांचां ह्यां.’ मग बॅगेतून टाइप केलेला कागद निघतो: ‘मी खाली सही करणार असे प्रमाणित करतो की, सदर चित्र माझ्या आजोबांनी स्वहस्ते काढलेले अस्सल चित्र आहे.’ चहा होतो, सही होते, कधी एखादं पाकीटही ठेवलं जातं.

ही सही करू नका, एवढंच सांगायला मी बसलो आहे. पण नुसतं ‘करू नका’ म्हटलं तर तुम्ही म्हणाल, हा कोण आम्हाला शिकवणार? म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी फ्रेमवाला आहे. वडिलांचंही दुकान हेच होतं. लोक चित्राचा चेहरा बघतात, आमच्या हाती त्याची पाठ येते. जुनी फ्रेम सोडवताना खिळे, पुठ्ठा, मागे डकवलेलं वर्तमानपत्र, पेन्सिलीतले आकडे, वाळवीचे माग, सगळं समोर येतं. पुढे मुंबईत जुन्या चित्रांची निगा राखणाऱ्या जाणकारांच्या हाताखाली काही काळ काम केलं, तेव्हा कळलं की आपण रोज जे झाडून टाकतो, तो पुरावा असतो.

तुमच्यासारख्याच एका घरातून असा एक कागद बाहेर पडला होता. त्यात लिहिलं होतं, ‘जलरंगातील निसर्गचित्र, सहीसह.’ माप नव्हतं, फोटो जोडलेला नव्हता, चित्रात काय आहे त्याचाही उल्लेख नव्हता. काही काळाने माझ्याकडे नव्या फ्रेमसाठी एक चित्र आलं आणि त्याच्या मागच्या पाकिटात त्याच कागदाची झेरॉक्स होती. पुढे तीच झेरॉक्स दुसऱ्या चित्रासोबत आली. एक खाडीचं चित्र, एक देवळाचं, हात तर स्पष्टपणे दोन वेगवेगळ्या माणसांचे. सही करणारा नातू सज्जन माणूस आहे. त्याने एका चित्रासाठी सही केली होती, पण त्या कागदावर वाटेल ते चित्र चढवता येत होतं. तो व्यापारी कोण होता हे सांगण्याची ही जागा नाही, पण घराण्याचं नाव बाजारात अजून फिरतं आहे.

सर्टिफिकेट म्हणजे एका माणसाचं मत, कागदावर उतरवलेलं. त्या मताला वजन येतं ते तीन गोष्टींनी: ते देणारा कोण, त्याने प्रत्यक्ष काय पाहिलं, आणि ते कशावरून ठरवलं. यातलं पहिलं तुमच्याकडे आपोआप आहे, कारण आडनाव तुमचं आहे. म्हणूनच लोक तुमच्याकडे येतात. उरलेल्या दोहोंबद्दल कागदात अवाक्षर नसतं. रंगीत छपाई, सोनेरी शिक्का, होलोग्राम, स्टॅम्पपेपर, नोटरी या सगळ्याने मत जराही पक्कं होत नाही. नोटरी फक्त एवढंच सांगतो की सही तुमची आहे. चित्र कोणाचं, याची जबाबदारी तो घेत नाही.

तुम्ही सही का करता, हेही मला कळतं. आजोबांची कितीतरी चित्रं त्यांच्या हयातीत दहा-वीस रुपयांना गेली, कुणाला लग्नात भेट दिली, कुणी मागून नेली. आज कुणी एवढ्या लांबून येऊन त्यांचं नाव घेतं, तेव्हा ऊर भरून येतो. नाही म्हणणं म्हणजे आजोबांनाच नाकारल्यासारखं वाटतं. पण तुमच्यातल्या बहुतेकांनी आजोबांना हातात ब्रश घेतलेलं पाहिलेलंच नाही. ज्यांनी पाहिलं, ते तेव्हा लहान होते. रक्ताच्या नात्याने नाक मिळतं, आवाज मिळतो, चित्र ओळखण्याची नजर मिळत नाही. ती शेकडो चित्रं हाताळून येते आणि तरीही चुकते. इटलीच्या द किरिको या चित्रकाराने स्वतःचीच खरी चित्रं खोटी ठरवली होती आणि जुन्या चित्रांच्या नव्या प्रती करून त्यांवर मागच्या तारखा घातल्या होत्या. खुद्द काढणाऱ्याचा शब्दही अखेरचा मानता येत नाही, तिथे आपण तर नातवंडं.

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, जन्म सावंतवाडीचा, १८८२ सालचा. हातात दिवा धरलेल्या, बोटांतून प्रकाश झिरपणाऱ्या स्त्रीचं त्यांचं जलरंगातलं चित्र मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ‘ग्लो ऑफ होप’ म्हणून ते जगभर ओळखलं जातं. दिवा धरून उभी राहिलेली मुलगी त्यांची स्वतःची, गीता. पुढे त्या कोल्हापुरात राहिल्या आणि शंभरी ओलांडून २०१८ साली गेल्या. म्हणजे ज्यांच्याकडे बघून चित्र काढलं, त्या अगदी परवापर्यंत आपल्यात होत्या. चित्र १९४०च्या दशकातलं. आणि तरीही कॅलेंडरांवर, छापील फ्रेमांवर, मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात ते राजा रविवर्म्याचं म्हणून खपतं. रविवर्मा १९०६ साली वारले! इतका ठळक पुरावा असून एका सावंतवाडीकराचं काम मोठ्या नावाच्या खात्यात जमा झालं. इथे कुणी बनावट कागद केला नव्हता. लोकांनी नुसतं मोठं नाव पसंत केलं. मग जिथे पुरावा धूसर आहे आणि पैशांचा लोभ जागा आहे, तिथे काय होत असेल? उलट्या बाजूनेही हेच घडतं. तुमच्या आजोबांच्या शिष्याने सरावासाठी केलेली नक्कल, त्यांच्या धाकट्या भावाचं चित्र, शेजारच्या गावातल्या मास्तरांचं काम, हे सगळं आज आजोबांच्या नावावर चढतं. त्यात सुरुवातीला कुणाचाही वाईट हेतू नसतो. शिष्याने गुरूच्या चित्रावरून केलेल्या अभ्यासावर गुरूचं नाव कोपऱ्यात लिहिलं असेल, तर साठ वर्षांनी ती सहीच वाटते.

खोट्या कागदांच्या जोरावर खोटं चित्र कसं खपवलं जातं, हे पाहायचं तर लंडनचं प्रकरण बघा. जॉन मायट हा चित्रकार विसाव्या शतकातल्या नामवंतांच्या शैलीत चित्रं काढायचा आणि जॉन ड्रू ती विकायचा. मायट वापरत होता तो भिंतींना लावायचा इमल्शन रंग. कुठल्याही प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं. पण ड्रूने चित्रांवर नव्हे, कागदांवर मेहनत घेतली. टेट गॅलरीसारख्या संस्थांच्या दप्तरखान्यात संशोधक म्हणून शिरून त्याने तिथल्या जुन्या फायलींत खोट्या पावत्या, खोटी पत्रं, खोटी कॅटलॉगं घुसवली. मग घेणाऱ्याने चौकशी केली की उत्तर थेट दप्तरखान्यातूनच ‘बरोबर आहे’ असं यायचं. १९९९ साली दोघांना शिक्षा झाली. घुसवलेले सगळे कागद बाहेर काढून झाले का, ही शंका त्यानंतर कायमची मागे राहिली.

जर्मनीतल्या बेल्ट्राकी या बनावट चित्रं काढणाऱ्याने आणखी एक पायरी गाठली. त्याच्या बायकोने आजीसारखे कपडे घालून, मागे भिंतीवर ती बनावट चित्रं लावून, जुन्या कागदावर कृष्णधवल फोटो छापला: बघा, आमच्या आजीच्या दिवाणखान्यात ही चित्रं होती. तुमच्याकडे कुणी ‘जुना फॅमिली फोटो’ घेऊन आलं तर हे आठवा. शेवटी तो सापडला तो पांढऱ्या रंगाने. १९१४ सालचं म्हणून सुमारे २८ लाख युरोंना विकल्या गेलेल्या चित्रात टायटॅनियम पांढरा निघाला, आणि तो रंग चित्रकारांच्या हाती आला १९२०च्या आसपास. त्याने जी ट्यूब वापरली तिच्यावर टायटॅनियमचा उल्लेखच नव्हता. २०११ साली त्याला सहा वर्षांची शिक्षा झाली.

आपल्याकडेही २०११ साली कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात रवींद्रनाथांची म्हणून मांडलेली वीस चित्रं पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या समितीने खोटी ठरवली. सरकारी इमारत, नामांकित संस्था, गाजलेलं प्रदर्शन. भिंत प्रतिष्ठित असली म्हणून वरचं चित्र खरं होत नाही.

आता घरच्यांबद्दल. पिकासोच्या मुलांमध्ये क्लोद आणि माया दोघंही वेगवेगळी सर्टिफिकेटं देत. एकाने हो म्हटलं, दुसरीने नाही, असे पेच पडत. २०१२ साली पाच वारसांपैकी चौघांनी जाहीर केलं की यापुढे फक्त क्लोदचं मत अधिकृत मानावं. पिकासोच्या घराला जे निस्तरायला एवढी वर्षं लागली, ते आपल्या भाऊबंदकीत काय होईल हे मी सांगायला नको. थोरल्या घराने एक कागद द्यायचा, धाकट्या घराने दुसरा, आणि मुंबईकर चुलत्याने तिसरा. त्याच सुमारास अमेरिकेत वॉरहॉल आणि बास्किया या चित्रकारांच्या चित्रांना खरं-खोटं ठरवणारी मंडळं बंद झाली. मत दिलं तरी खटला, नाकारलं तरी खटला. पैसा, वकील, तज्ज्ञ सगळं हाताशी असलेल्यांनी हे काम सोडून दिलं, आणि आपण ते ओटीवर चहा होईपर्यंत उरकतो.

जमीन घेताना आपण कसं वागतो ते बघा. शेजारचे काका कितीही थोर असोत, ‘ही जमीन त्याचीच, मी सांगतो’ असं त्यांनी लिहून दिलं म्हणून कुणी पैसे मोजत नाही. सातबारा काढतो, मग एकेक फेरफार मागे मागे बघत जातो: कोणाकडून कोणाकडे, कोणत्या साली, वारसाने की खरेदीने, मधे कुठे खंड पडला आहे का. चित्राचंही हेच. ते चित्रकाराच्या हातून सुटलं तेव्हापासून आजपर्यंत कुठे कुठे होतं, याची साखळी हाच त्याचा फेरफार. ‘कोकणातल्या एका जुन्या घराण्याकडून’ ही साखळी नव्हे. तो खंड आहे, आणि तो आपल्या नावाने भरला जातो. जुन्या घराचा माळा आणि तिथली ट्रंक बाजारात फार सोयीची झाली आहे. कुठून आलं हे सांगता येत नसलं की ‘कोकणातून आलं’ म्हणतात.

पण खरोखर कोकणात राहिलेल्या चित्राच्या अंगावर कोकण उमटतं, आणि हे दाखवायला मला फार आवडतं. चार-पाच दशकं पावसाळे काढलेला कागद सारखा पिवळा पडत नाही. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेला भाग वेगळा, उघडा भाग वेगळा, आणि मधे आम्लाने जळल्यासारखी तपकिरी रेघ. बुरशीचे डाग एका बाजूला दाट असतात, बहुधा जी बाजू ओल्या भिंतीला होती तिकडे. पागोळ्यांचं पाणी कधी आत आलं असेल तर त्याची वेडीवाकडी कड दिसते. चहाच्या पाण्यात बुडवून जुना केलेला कागद मात्र कडेपासून कडेपर्यंत एकसारखा असतो, आणि कापलेल्या कडेच्या तंतूंतही तोच रंग भरलेला असतो. वाळवी किंवा कसर लागलेली असेल तर चित्राचं भोक आणि मागच्या पुठ्ठ्याचं भोक जुळवून बघा. किडा थांबत नाही, तो दोन्हीतून जातो. चित्राला भोकं आणि पुठ्ठा धडधाकट असेल, तर ते दोघं पूर्वी एकत्र नव्हते. खिळ्यांचंही तसंच. खाऱ्या हवेत खिळा गंजतो आणि आजूबाजूचं लाकूड काळं करतो. चकचकीत स्टेपल पिना लावलेलं स्ट्रेचर (कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट) आणि ‘१९३०चं तैलचित्र’ हे शेजारी शेजारी बसलं, तर निदान एवढं तरी विचारा की कॅनव्हास पुन्हा ताणला का, कधी, कोणी.

सही भिंगातून बघा. तैलरंगाला भेगा पडल्या असतील तर खरी सही त्या भेगांबरोबर तडकते. सहीचा रंग भेगेत उतरून साचला असेल, तर भेग आधी पडली आणि सही नंतर आली. जलरंगाचा कागद उजेडासमोर धरा. व्हॉटमनसारख्या जुन्या विलायती कागदाच्या जलचिन्हात काही वेळा सालच असतं. साल चित्रकाराच्या मृत्यूनंतरचं निघालं तर विषय संपला. नोटा तपासायचा निळा दिवा अंधाऱ्या खोलीत कागदावर मारा. १९५०च्या सुमारापासून कागदात शुभ्रता आणणारी रसायनं घालायला लागले आणि ती या दिव्याखाली निळसर पांढरी चमकतात. १९२५ सालचं म्हणून आणलेलं चित्र ट्यूबलाइटसारखं उजळलं, तर कागद बोलला. फक्त मागून नव्याने डकवलेला कागद चमकतो की मूळचा, हे सावकाश बघा.

आपल्या घरांतल्या रविवर्म्याच्या जुन्या लक्ष्मी-सरस्वतींनाही हेच भिंग लावा. त्या बहुतेक शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेल्या आहेत, त्याच्या छापखान्यातल्या. वर वार्निश आणि कॅनव्हासचा पोत उठवलेला असल्यामुळे तैलचित्रासारख्या दिसतात. भिंगाखाली दगडावरचा दाणेदार ठिपका दिसतो. अलीकडच्या ऑफसेट छपाईत चार रंगांच्या ठिपक्यांच्या नीट मांडलेल्या चकत्या दिसतात. जुनी शिळाछाप ही स्वतःच मोलाची वस्तू आहे. तिला ‘मूळ चित्र’ म्हणवून तिचा अपमान का करायचा?

यात एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या, कारण प्रयोगशाळेच्या नावाने आता नवी सर्टिफिकेटं निघत आहेत. विज्ञान खोटं पकडू शकतं, खरं सिद्ध करू शकत नाही. रंगात काळाशी न जुळणारं काही सापडलं तर चित्र पडलं. काही सापडलं नाही तर एवढंच कळलं की रंग त्या काळचे असू शकतात. ते रंग तुमच्या आजोबांकडे होते, तसे त्यांच्या वर्गातल्या प्रत्येकाकडे होते. ‘लॅब टेस्टेड’ हा शिक्का बघून हरखून जाऊ नका. कशाची चाचणी, नमुना कुठून घेतला, आणि अहवालाच्या शेवटी नेमकं काय म्हटलं आहे, ते वाचा. चांगल्या प्रयोगशाळेचा अहवाल नेहमी सावध असतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र किंवा लखनौची राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा इथली माणसं साधनांबद्दल बोलतील, नावाबद्दल फार जपून.

शिल्पकारांच्या घरांसाठी दोन शब्द. ब्राँझचा पुतळा एकाच साच्यातून अनेकदा ओतता येतो, आणि ओतलेल्या पुतळ्यावरूनच पुन्हा साचा काढला तर थंड होताना धातू आक्रसल्यामुळे नवी प्रत किंचित लहान येते. म्हणून मूळ प्लॅस्टरची मापं मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. अलिबागजवळ सासवण्याला विनायकराव करमरकरांची शिल्पं त्यांच्या राहत्या घरीच एकत्र बघायला मिळतात. कुणाला शंका आली तर तुलनेला उभं राहायला जागा आहे, ही केवढी मोठी गोष्ट! नागावात जन्मलेले चित्रकार प्रभाकर बरवे, हळदणकर, करमरकर ही नावं तरी लोकांना माहीत आहेत. ज्यांची नावं तालुक्याबाहेर गेली नाहीत त्यांच्या घरांची मला जास्त काळजी वाटते, कारण त्यांच्याबद्दल कुठल्याही ग्रंथात काही नाही आणि तुमच्या सहीला आव्हान देणारं कुणी नाही.

कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या चित्रकथीबद्दलही, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या कलेबद्दलही, सांगायला हवं. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा सगळ्यांना आनंद झाला. आज तिथे नवी चित्रं काढली जातात, आपल्या नावाने, आजच्या तारखेने, आणि तीच त्यांची शान आहे. तीच चित्रं चार हात बदलून ‘दोनशे वर्षांपूर्वीची पोथी’ होतात तेव्हा दोन माणसं लुटली जातात, घेणारा आणि काढणारा. सावंतवाडीच्या गंजिफ्यांचंही, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचंही, असंच होऊ शकतं. १२० पानांचा दशावतारी डाव आज नव्याने रंगवला जातो आणि नवा म्हणूनच सुंदर असतो. त्याला म्हातारपण चिकटवायची गरज नाही. आणि कुणी शंभर वर्षांहून जुनं चित्र विकतो म्हणाला, तर १९७२चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा लागू होतो. व्यापाराला परवाना लागतो, चित्राची नोंदणी लागते, देशाबाहेर नेता येत नाही. त्याला नोंदणीचं प्रमाणपत्र विचारा. बहुतेक वेळा चित्राचं वय तिथल्या तिथे कमी होतं.

मग तुम्ही काय करावं? अस्सल-नक्कल ठरवू नका, साक्ष द्या. ‘अस्सल’ हा शब्द कागदात येऊच देऊ नका. जे तुम्ही पाहिलं तेवढंच लिहा: ‘हे चित्र १९७२पर्यंत आमच्या माजघरात होतं, दक्षिणेच्या भिंतीवर. आत्याच्या लग्नात तिला दिलं. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.’ अशा चार ओळी कुठल्याही सोनेरी शिक्क्यापेक्षा मोलाच्या, कारण त्या पडताळून बघता येतात. आत्याच्या घरी विचारता येतं. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ लिहा, त्यात कमीपणा नाही. कागदावर चित्राचा फोटो हवा, पुढून आणि मागून, माप हवं, तारीख हवी, आणि फोटोवरून आडवी जाणारी तुमची सही हवी, म्हणजे तो कागद दुसऱ्या चित्राला लागणार नाही. मूळ चित्र समोर नसेल तर एक अक्षरही लिहू नका. आणि या कामाचे पैसे विक्रीच्या टक्केवारीत कधीही घेऊ नका. चित्र खरं ठरण्यात ज्याचा फायदा आहे, त्याची साक्ष पहिल्याच झटक्यात निकालात निघते.

पैशांचा प्रश्न खरा आहे, तो मी टाळत नाही. घर शाकारायचं असतं, मुलांची शिक्षणं असतात. पण तुमचा हक्काचा मार्ग वेगळा आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५३अ वाचा. मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं आणि किंमत दहा हजारांहून जास्त असली, तर त्या पुनर्विक्रीत चित्रकाराला आणि त्याच्या पश्चात वारसांना वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के, कॉपीराइट शिल्लक असेपर्यंत. म्हणजे मृत्यूनंतर साठ वर्षं. हा हक्क आपण जवळजवळ कुणीच बजावत नाही, कारण चित्र कुठे गेलं याची यादीच आपल्याकडे नाही.

तेव्हा यादी करा. सगळ्या घरांनी मिळून एकच करा, भांडण जमिनीचं असलं तरी यादी सामायिक ठेवा. घरात असलेली, नात्यात गेलेली, शाळेला दिलेली, विकलेली चित्रं. प्रत्येकाची पाठ फोटोत हवीच. स्केचबुकं, रंगांच्या दुकानाच्या पावत्या, बॉम्बे आर्ट सोसायटीची कॅटलॉगं, पत्रं, अर्धवट टाकलेले कागद, सरावाच्या सह्या, पॅलेटवर वाळलेला रंग, हे सगळं ठेवा. पूर्ण चित्रापेक्षा अपुऱ्या स्केचमधून हात जास्त ओळखता येतो. या यादीची एक प्रत देवरूखच्या किंवा सावर्ड्याच्या कला महाविद्यालयात द्या. तिथली मुलं तुमच्या आजोबांवर अभ्यास करतील, आणि उद्या कुणी खोटं चित्र आणलं तर तुलनेला काहीतरी असेल. आणि आम्हा फ्रेमवाल्यांनाही एक सांगा: जुना पुठ्ठा फेकू नकोस, पाकिटात घालून परत दे. आम्ही देऊ. कुणी सांगत नाही म्हणून फेकला जातो.

यंदा चतुर्थीआधी घर रंगवायला काढाल, माळा रिकामा कराल, तेव्हा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी ती ट्रंक एकदा उघडून बघा. ज्यांना मागच्या बाजूचे फोटो कसे घ्यायचे, यादी कशी मांडायची हे कळत नसेल, त्यांच्याकडे मी भिंग, निळा दिवा आणि मोजपट्टी घेऊन येईन. पैसे नकोत. आषाढात दुकान तसंही मंद असतं, तेव्हाच बोलवा. सर्टिफिकेट मात्र मी कोणालाही देणार नाही, ते मागू नका.

आपला,
सिंधुदुर्गातला एक फ्रेमवाला